मागच्याचं ऐकायचं

मागून टकटक कोण करत होतं?

हे मी सगळ्यांना विचारलं. पोलिसाला विचारलं, तर त्याने टोपी काढून पुन्हा घातली. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "तू आधी दोन घास खाऊन घे." रस्त्यावरच्या मुकादमाला विचारलं. टकटक ऐकली होती ती त्यानेच. तो म्हणाला, "मला वाटलं, हे तू मला सांगशील."

दिवा मोठा केला तर चालेल ना? हे सांगताना मला कोपऱ्यात अंधार नको असतो.

दादाची एक जुनी व्हॅन होती. माझ्याच काय, दादाच्याही जन्माच्या आधीची. चपट्या नाकाची, इंजिन मागे. त्या इंजिनाला पाणी लागत नाही. मोठा पंखा हवा ओढतो आणि इंजिनावर सोडतो, त्यावरच ते थंड होतं. दादा तिला म्हातारी म्हणायचा. वहिनी म्हणायची, "म्हातारी कसली, सवत आहे माझी. मला ताप आला तर गोळी देऊन मोकळे होतात. ही शिंकली की जेवण सोडतात."

इंजिन मागे असलं की दुरुस्ती एकट्याने होत नाही. एकाने पुढे चावीवर बसायचं, एकाने मागे झाकण उघडून वाकायचं. पुढच्याला मागचं दिसत नाही, मागच्याचं बोलणं पुढे ऐकू येत नाही. म्हणून दादाने खूण ठरवली होती. मागच्या पत्र्यावर पान्याने एकदा टक केलं की स्टार्टर मारायचा. दोनदा केलं की चावी बंद. कशाला, कशासाठी, काही विचारायचं नाही. एकदा वहिनी चावीवर होती. दोनदा टकटक झाली आणि ही बंद करायचं सोडून ओरडतेय, "काय हो? चहा टाकू का?" तेवढ्यात पंख्याच्या पट्ट्याने दादाच्या करंगळीचं नख नेलं.

"मागच्याचं ऐकायचं," दादा बोट तोंडात धरून म्हणाला. "मागच्याला दिसत असतं."

त्यानंतर आमच्या घरात तो नियमच झाला. आई स्वयंपाकघराच्या दारावर दोनदा लाटणं आपटायची, की आम्ही भांडण बंद करायचो.

गेल्या थंडीत म्हातारी चालता चालता बंद पडायला लागली. घराजवळ कधी नाही. लांब चढावर, इंजिन चांगलं तापलं की. आधी दोन-चार आचके, मग दमेकऱ्यासारखा आवाज, मग गप्प. थोडा वेळ मागचं झाकण उघडं टाकलं की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही.

दादाला वाटलं पेट्रोल पोचत नाही. त्याने फिल्टर बदलला. मग टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मोकळं केलं. मग तापल्यावर ठिणगी देणारी कॉइल दगा देत असेल म्हणून कॉइल बदलली. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायचा आणि चढावर जाऊन यायचा. मला असला दम निघत नाही. शाळाही मी अशीच सोडली, एका दुपारी, दप्तर बाकावर ठेवून. मी म्हणायचो, "सगळं एकदम बदल ना."

"आणि बरी झाली तर? कशाने झाली ते कसं कळणार, बारक्या?"

"बरी झाली ना, मग कशाला कळायला पाहिजे?"

"तू डॉक्टर झाला नाहीस ते बरं झालं," दादा म्हणाला.

वहिनी शिवणकाम करायची. त्या आठवड्यात तिने डोंगरावरच्या विश्रामगृहाचे पडदे शिवले होते, पांढऱ्या अस्तराचे, जाड. दोघं ते पोचवायला निघाले. निघताना थंडीने म्हातारी सुरू होईना. वहिनी भर गल्लीत ओरडली, "आता एक तर ही गाडी ठेवा, नाहीतर मला!" दादा म्हणाला, "तुलाच ठेवतो, पण ढकलायला कोण येणार?" मग दोघंही हसत सुटले. मी पायरीवर बसून बघत होतो. गल्लीने ओरडणं तेवढं ऐकलं. हसणं कोणीच ऐकलं नाही.

दुपारी डोंगरावर धुकं उतरलं. मुकादम वळणावर खडी टाकून घेत होता. धुक्यातून त्याला आवाज आला. टक टक. थोडं थांबून पुन्हा टक टक. कोणाची तरी गाडी अडली असेल म्हणून तो आवाजाच्या मागे चालत गेला. व्हॅनच्या दहा-बारा पावलांवर पोचेपर्यंत आवाज चालू होता, मग थांबला. मागे कोणी नव्हतं. दादा आणि वहिनी पुढे बसले होते, काचा वर, गरम हवेचा दांडा ओढलेला. वहिनीचं डोकं दादाच्या खांद्यावर. चावी बंद होती.

मुकादमाने दादाचा हात धरून पाहिला. हात केव्हाचा गार पडला होता.

डॉक्टर म्हणाले, इंजिनाचा विषारी वायू आत गेला. त्याला वास नसतो, माणूस पेंगतो आणि संपतो. पण वायू आत आला कुठून? मिस्त्रीकाकांनी गाडीखाली झोपून सगळं बघितलं. दादा त्यांच्याच हाताखाली काम शिकला होता. इंजिनाचा धूर जातो त्या पाइपावर पत्र्याची पेटी असते, तिच्यात तापलेली हवा पुढे पायांशी येते. पेटीला भोक नव्हतं, पाइपाला चीर नव्हती.

"सगळं धड आहे रे," ते बाहेर येऊन म्हणाले. मला ते आवडलं नाही. त्यांनाही आवडलं नव्हतं.

कारण वहिनीचे वडील तेवढंच ऐकायला उभे होते. ते आमच्या उंबऱ्याच्या आत आले नाहीत. बाहेरूनच म्हणाले, "विहीणबाई, सकाळी भांडण झालं, सगळ्या गल्लीने ऐकलं. काचा बंद, गाडी धड. माझी पोर अशीच मेली नाही. तुमच्या मुलाने नेली तिला."

आईने दादाचा पाना उशाखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मी ताट नेलं की म्हणायची, "ठेव तिथे." संध्याकाळी मी ते तसंच उचलायचो. एकदाच बोलली. "तू सांग, बारक्या. तो असं करेल?"

"अगं, काहीतरीच काय!"

"मग दाखव मला."

एवढंच म्हणाली. मला गाडीतला दोष शोधायचा होता आणि आईच्या अंगात उठून बसायची ताकद असेपर्यंत शोधायचा होता.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे सगळं एकदम उपसलं. कार्बोरेटर उघडला, ठिणगीचे पॉइंट घासले, पेट्रोलची नळी बदलली. परसात इंजिन तासभर चालवलं. एकसारखं, गोड. एकदाही बंद पडलं नाही. मी पत्र्यावर लाथ मारली. मग त्याच पत्र्याला टेकून रडलो. मग डोक्यात आलं, की मी नको तिथे शोधतोय. ती परसात कधी बंद पडतच नव्हती. तिला चढ पाहिजे, थंडी पाहिजे, बंद काचा पाहिजेत. दादा गेला तसंच जायला पाहिजे.

मिस्त्रीकाकांना सांगितलं असतं तर त्यांनी चावी काढून घेतली असती. म्हणून सांगितलं नाही.

दुपारी निघालो. पडद्यांचे गठ्ठे मागे तसेच होते, छतापर्यंत. कोणाचा हात लागला नव्हता त्यांना. नव्या कापडाचा, खळीचा वास, त्यात पेट्रोलचा. वहिनीच्या बाजूच्या काचेवर तिने कधीतरी बोटाने काढलेली रेघ होती, ऊन तिरपं आलं की दिसायची.

चढ लागला तसं धुकं आलं. आधी रस्त्याच्या कडेला, मग समोर, मग सगळीकडे. मी काचा वर केल्या आणि दांडा ओढला. पायांवर ऊब आली. खरं सांगू? बरं वाटलं. किती दिवसांनी कोणीतरी पांघरूण घातल्यासारखं.

पहिला आचका बसला तेव्हा मी जोरात हसलो. "ये, म्हातारे, ये. बोल आता." इंजिनाला धाप लागली. बंद पडलं. मी चावी मारली, सुरू झालं. पुन्हा बंद पडलं, पुन्हा मारली. दादानेही असंच केलं असणार. दोघांचंही लक्ष इंजिनाच्या दमाकडे, आपल्या दमाकडे कोण बघतो? मला उतरून मागे बघायचं होतं. पण पाय ऊबेत होते, जड होते. म्हटलं, जरा थांबू. हे वळण जाऊ दे.

मग वळण कुठलं ते आठवेना.

समोरची काच पांढरी होती आणि मागचे गठ्ठेही पांढरे होते, आणि त्या दोन्हींच्या मध्ये मी होतो. गाडी उभी होती, इंजिन फडफडत चालू होतं. ती मी कधी थांबवली ते मला आजही सांगता येत नाही. शेजारी कोणीतरी अगदी संथ श्वास घेत होतं. मी म्हटलं, "वहिनी, झोपलीस का गं..." आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

टक टक.

मागच्या पत्र्यावर. पान्याचा आवाज मला कळतो. दगडाचा नाही, फांदीचा नाही.

टक टक.

विचार मी केलाच नाही. हाताला सवय होती, हात गेला. चावी बंद केली. इंजिन थांबलं आणि इतकी शांतता झाली की शेजारचा श्वासही थांबल्याचं मला स्पष्ट ऐकू आलं.

टक टक. टक टक. टक टक. आता घाईने. थांबायचं नाव नाही. चावी तर बंद केली, आता आणखी काय... मी कडी ओढून दाराला खांदा दिला आणि दार उघडताच रस्त्यावर पडलो.

गार खडी गालाला लागली. ओकलो. डोकं फुटेल असं दुखत होतं. धरत धरत गाडीच्या मागे गेलो. "दादा," मी म्हटलं. मोठ्याने म्हणवेना. "दादा, आहेस का..."

कोणी नव्हतं. धुकं होतं. मागच्या बंपरवर पाना ठेवलेला होता. दादाचा. दांड्याला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली. तो आईच्या उशाखाली होता, मी घरातून निघालो तेव्हा.

मी पाना उचलला नाही. बराच वेळ नाही. झाकण उघडलं, कारण ज्याने बोलावलं त्याला काहीतरी दाखवायचं असणार. इंजिनाच्या चारी बाजूंनी रबराची पट्टी असते, इंजिन आणि गाडीचा पत्रा यांच्यातली फट बुजवणारी. आम्ही तिच्याकडे कधी बघितलंच नव्हतं. चालणाऱ्या गाडीत रबराकडे कोण बघतो? एका बाजूचं रबर कडक होऊन गळून गेलं होतं. मी वहिनीच्या पडद्याचं एक टोक ओढून त्या फटीत घातलं, इंजिन पुन्हा चालू केलं, दूर उभा राहिलो, मग बंद करून कापड काढलं. पांढरं अस्तर काळं झालं होतं.

खाली वाकून बघितलं तर सायलेन्सरचा सांधा फुसफुसत होता. मिस्त्रीकाकांनी तो थंड असताना बघितला होता. तापला, पत्रा फुगला, की सांधा तोंड उघडायचा. धूर खालून फटीतून वर यायचा, इंजिनाच्या खोलीत भरायचा. तिथलीच हवा पंखा पुढे पाठवायचा आणि तिथलीच हवा इंजिन स्वतः ओढायचं. म्हातारी आपलाच धूर पिऊन गुदमरत होती. म्हणून बंद पडत होती. इतके दिवस ती आम्हाला हेच सांगत होती आणि आम्ही तिला पुन्हा पुन्हा सुरू करत होतो.

घरी काचा उघड्या टाकून आलो, कुडकुडत. आई उठून बसली होती. उशी उलटी केलेली.

"पाना कुठे नेलास?"

"मी नाही नेला, आई." मी तो तिच्या हातात दिला. तिने दांडा गालाला लावला आणि म्हणाली, "ओला आहे."

दुसऱ्या दिवशी मी वहिनीच्या वडिलांना घेऊन आलो. ते येत नव्हते. मी म्हटलं, "मला मारा, पण आधी बघा." मिस्त्रीकाकांनी गाडी चढावर तापवून आणली, वहिनीच्या वडिलांना तिच्या सीटवर बसवलं, इंजिन चालूच ठेवलं, दारं सताड उघडी ठेवली. मग ते मागे जाऊन खाली वाकले, सिगारेट पेटवली आणि धूर त्या फटीशी सोडला. थोड्या वेळाने पुढे, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांपाशी, निळसर धुराची एक बारीक रेघ वर आली.

ते तिच्याकडे बघत राहिले. पाय मागे घेतले नाहीत.

"थंड असताना कळलं नाही मला," मिस्त्रीकाका मागून म्हणाले. "माझ्याने चूक झाली."

म्हातारे उतरले, चपला बाहेर काढल्या आणि उंबरा ओलांडून आत गेले. आईसमोर उभे राहिले. "विहीणबाई, मी दारात येऊन नको ते बोललो." आई म्हणाली, "बसा. मी दोघांसाठी वाढते." त्या दिवशी ती जेवली.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

आईने एकच मागितलं. "तो आवाज पुन्हा माझ्या कानावर नको." म्हणून मिस्त्रीकाकांनी आणि मी इंजिन खाली उतरवलं. ते त्यांच्या दुकानात नेलं, आजही तिथे आहे, पाहिजे तर जाऊन बघा. बॅटरी काढली. नुसता सांगाडा परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ढकलून ठेवला. मागचं झाकण उघडलं तर आत रिकामी पोकळी, खालची जमीन दिसायची.

परवाची संध्याकाळ. आई पुढच्या खोलीत वहिनीचं शिवणयंत्र चालवून बघत होती. मी शेडमध्ये दोरी शोधायला गेलो. दिवस मावळत होता, दाराच्या फटीतून थोडा उजेड. पेट्रोलचा वास अजून होता, आणि खळीचा. पडदे तर केव्हाच पोचवले होते मी.

टक.

एकदाच.

मी उभा राहिलो. पाना आईच्या उशाखाली होता. मी बघून आलो होतो. आता रोज बघतो.

टक.

आमच्या घरात एकदा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगितलंच आहे. कशाला, कशासाठी, विचारायचं नाही. मागच्याला दिसत असतं. मी पळायला हवं होतं. पण दादाने माझ्याकडे कधी काही मागितलं होतं का? हेच तेवढं मागायचा, आणि मी नेहमी कुरकुरत उठायचो. त्या दिवशी कुरकुरलो नाही. आत जाऊन बसलो, चावी घातली, फिरवली.

मागे, जिथे नुसती जमीन आहे, तिथे म्हातारी सुरू झाली.

सीट थरथरली. पायांवर ऊब आली. घरातून शिवणयंत्राचा आवाज बंद झाला. मी दोन टकांची वाट पाहिली. पाहतच राहिलो. काही आलं नाही. इंजिन चालू होतं, एकसारखं, गोड. चावी बंद करायला हात उचलला, पण न सांगता बंद करायची नसते. समोरची काच आतून हळूहळू धूसर होत गेली. एका माणसाच्या श्वासाने होते त्याहून जास्त. वहिनीच्या बाजूचीही झाली, आणि तिची ती बोटाची जुनी रेघ उमटली. मग तिच्या खाली दुसरी उमटायला लागली.

मी तिकडे मान वळवली नाही. माझ्या बाजूची काच हँडल फिरवून खाली केली. मग न बघताच त्या रिकाम्या सीटवरून हात लांब केला. तो रिकाम्या सीटवरून जातोय असं हाताला वाटलं नाही. आणि दादा-वहिनी गेले त्या दिवशी वर राहिलेली ती पलीकडची काच मी खालपर्यंत उघडली.